पाइप बदलला, गळती तशीच

पेट्रोल गळतंय म्हणून गॅरेजला गेलेल्या जुन्या गाडीचं बिल एकदा नीट वाचून बघावं. सामानात होज पाइप, दोन क्लिपा, एखादं पॅकिंग. मजुरीत पाइप बसवल्याचे पैसे. पेट्रोल मुळात का गळत होतं हे शोधायला लागलेल्या वेळाची ओळ त्या बिलात नसते, कारण बहुतेक वेळा तो वेळ कुणी दिलेलाच नसतो. ओलं दिसलं तिथला पाइप कापला, नवा घातला, क्लिप आवळली, गाडी चालू करून दाखवली, झालं. महिना-दोन महिन्यांनी बॉनेटखालून पुन्हा तोच वास. मालक म्हणतो, मिस्त्रीनं डुप्लिकेट माल घातला. मिस्त्री म्हणतो, गाडीचं वय झालं आता, काढून टाका. हल्ली, २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून, तर तिसरं उत्तरही तयार असतं: ‘ई-२०मुळे होतंय साहेब, सगळ्यांचंच होतंय.’

तिन्ही उत्तरांत थोडंफार तथ्य असतं. पण यातलं कुठलंही उत्तर दिलं की शोध संपतो, आणि खरी अडचण ती आहे. पहिल्यांदा झालेली गळती हा झिजलेल्या भागाचा दोष म्हणता येईल. तीच गळती तिसऱ्यांदा झाली, तर खोट तपासात आहे असं धरून चालायला हवं. आपल्याकडे गाडीच्या दुरुस्तीत तपासाला मोल नाही. ग्राहक त्याचे पैसे देत नाही, गॅरेज मागत नाही, आणि जुन्या गाड्यांबद्दल बोलणारं सरकारी धोरणही तिकडे फिरकत नाही.

उदाहरणाला मारुती ८०० घेऊ. डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आलेली ही गाडी तीस वर्षं बनत राहिली. उत्पादन थांबलं ते जानेवारी २०१४मध्ये. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं कार्बोरेटरवर चालणारं. तालुक्याच्या गावात, शेतावर, एखाद्या मोटर ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात ही कार्बोरेटरवाली गाडी अजून भेटते. तिची इंधनव्यवस्था समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. टाकी मागे, इंजिन पुढे. कॅमशाफ्टच्या जोरावर चालणारा लहानसा पंप, आणि त्याच्या पोटात रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम. पडदा वर-खाली झाला की टाकीतलं पेट्रोल ओढलं जातं आणि कार्बोरेटरकडे ढकललं जातं. कार्बोरेटरच्या वाटीत फ्लोट तरंगतो. वाटी भरली की फ्लोट वर येऊन पिन दाबतो आणि पेट्रोलची वाट बंद होते. पातळी उतरली की फ्लोट खाली, पिन मोकळी, पेट्रोल पुन्हा आत. या सगळ्यातला दाब अगदी किरकोळ, साधारण पाव बार. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत तो तीन बारच्या आसपास असतो.

‘कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय’ हे या गाडीचं सर्वांत जुनं दुखणं. पेट्रोल वाटीतून वर येतं, इंजिनच्या अंगावर सांडतं, वास सुटतो, गरम असताना गाडी स्टार्ट व्हायला कुरकुरते. निदान ठरलेलं: पिन गेली. पुण्याच्या नाना पेठेतून किट आणायचं, पिन आणि सीट बदलायची. गाडी चालते. आणि थोड्या दिवसांनी पुन्हा ओव्हरफ्लो.

पिन नीट न बसण्याची कारणं अनेक आहेत, पिन झिजणं हे त्यातलं फक्त एक. टाकीच्या तळाशी गंज धरला असेल तर त्याची तांबूस पूड फिल्टरमधून निसटते आणि पिनच्या टोकाशी अडकते. नवी पिनही त्याच पुडीवर बसणार आणि तशीच गळणार. फ्लोटला बारीक चीर गेली असेल तर तो पेट्रोल पिऊन जड होतो, मग वर यायचं नावच घेत नाही. तो काढून कानाजवळ हलवला तर आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज येतो. या तपासणीला एक पैसा लागत नाही, तरी ती क्वचितच होते. कधी कार्बोरेटरचं झाकण मागे कुणीतरी दातओठ खाऊन आवळलेलं असतं. ते किंचित वाकतं आणि नव्या पॅकिंगमधूनही पेट्रोल पाझरत राहतं.

या सगळ्यांहून चकवणारं कारण वेगळंच. अनेक गाड्यांत पंपाला तीन तोंडं असतात: एक टाकीकडून येणारं, दुसरं कार्बोरेटरकडे जाणारं, तिसरं जादा पेट्रोल टाकीत परत नेणारं. हा परतीचा पाइप गाडीच्या पोटाखालून जातो. जॅक भलत्या जागी लागला, दगड बसला, आतून गंज धरला, किंवा कुणी ‘हा उगाचच दिलाय’ म्हणत त्यात बोल्ट ठोकून तो बंद केला, की जादा पेट्रोलला जायला वाट उरत नाही. दाब वाढतो आणि थेट पिनवर येतो. पिन बिचारी धडधाकट असते, पण ती तरी कुठवर थोपवणार? अशा गाडीत किटामागून किटं घातली तरी ओव्हरफ्लो थांबत नाही. परतीचा पाइप दोन्ही टोकांनी सोडून हातपंपानं त्यात हवा मारली, की चोर लगेच हाती लागतो.

मुरलेला मिस्त्री गळती कुठे आहे यापेक्षा ती कधी होते हे आधी विचारतो. इंजिन चालू असताना गळतं आणि बंद केल्यावर थांबतं? मग पंपापासून पुढचा, दाबाखालचा भाग बघायचा. गाडी बंद करून उभी केल्यावर, इंजिन गरम असताना वास सुटतो? मग धगीनं वाटीतलं पेट्रोल उकळून बाहेर येत असण्याची शक्यता जास्त. मे महिन्यातल्या विदर्भात त्याचं नवल नाही, आणि तिथे पाइप बदलून काही साधत नाही. कार्बोरेटरच्या बुडाशी उष्णता अडवणारा जाड तुकडा जागेवर आहे का, हे बघावं लागतं. टाकी फुल केली की वास येतो आणि अर्धी असताना येत नाही? मग टाकीच्या गळ्याचा रबरी पाइप, नाहीतर टाकीवरच्या गेजचं पॅकिंग. इंजिनाला हात लावायचं कारणच नाही.

आणि थंडीत सकाळी गळतं, इंजिन तापलं की आपोआप बंद होतं, तर बहुधा कडक झालेली ओरिंग. जुन्या रबराचा लवचिकपणा जातो. गारठ्यात ते आकसतं, ऊब मिळाली की पसरून पुन्हा फट बुजवतं. निफाडच्या जानेवारीत पहाटे थेंब टाकणारी गाडी दुपारी गॅरेजात नेली तर कोरडी ठणठणीत दिसते, आणि ‘काही नाही साहेब, तुम्हाला भास झाला’ एवढं ऐकून मालक परत येतो. अशी गाडी रात्रभर गॅरेजातच ठेवून सकाळी बघायला हवी. पण रात्रभर अडलेल्या जागेचं भाडं कोण देणार?

डिझेलची तऱ्हा आणखी उलटी. जुन्या जीपमध्ये किंवा ट्रॅक्टरमध्ये टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीखाली असतो. तिथल्या जोडाला फट पडली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जमिनीवर थेंब नाही, पण सकाळी गाडी लागत नाही, ‘एअर घेते’. एअर काढायची, गाडी चालू करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बँजो बोल्टखालचं तांब्याचं वॉशर एकदा चेपलं की त्याचं काम झालेलं असतं, तरी तेच पालथं घालून पुन्हा बसवण्याची सवय सुटत नाही. वॉशर बदलायला जेमतेम चहाचे पैसे लागतात, आणि ते नाही म्हणून शेतकरी आठवडाभर एअर काढत बसतो.

सगळ्यात घातक गळती मात्र डोळ्यांना दिसतच नाही. पंपाचा डायफ्राम फाटला की पेट्रोल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिक काढावी तर ऑइल खुणेच्या वर. आपली गाडी ऑइल खात नाही, उलट वाढवते, म्हणून खूश होणारे मालकही असतात! ते ऑइल बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ, नाकाशी नेलं तर पेट्रोलचा भपकारा. अशा ऑइलवर बेअरिंगं किती दिवस तग धरणार?

शोधाची साधनं महाग नाहीत. पेट्रोल उडून जातं, पण त्याचा तपकिरी, चिकट डाग मागे राहतो. तो पुसून घ्यायचा, संशयाच्या जोडांवर खडूची पूड टाकायची आणि इंजिन चालू करून बघत राहायचं. पूड पहिल्यांदा जिथे ओली होते तिथून सुरुवात. बहुतेकदा ती जागा ओघळ दिसतो त्याच्या वीतभर वर असते, कारण थेंब पाइपावरून घसरत येऊन भलतीकडेच पडतो. उजेडासाठी बॅटरी वापरायची, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. पेट्रोलची पेट घेणारी वाफ उणे ४० अंशांच्याही खाली तयार होऊ लागते, ती हवेपेक्षा जड असल्यानं गाडीखाली आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचते, आणि हवेत जेमतेम दीड टक्का मिसळली तरी ठिणगीला पुरते.

टाकीला बारीक भोक पडलं की त्यावर कपड्यांचा साबण चोळायचा, हा ट्रकच्या रस्त्यांवर पिढ्यानपिढ्या चालत आलेला उपाय आहे. साबण पेट्रोलमध्ये सहजासहजी विरघळत नाही, म्हणून घरी पोचेपर्यंत तो खरंच टिकतो. घाटात अडकलेल्या माणसाला ही अक्कल उपयोगी पडते, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. गोची पुढे होते. घरी पोचल्यावर साबणावर एम-सील चढतं, एम-सीलवर रंग, आणि वर्षभरानं ती टाकी उघडणाऱ्या पुढच्या मिस्त्रीला आत काय आहे याचा पत्ता नसतो.

पाइपाचंही तसंच. स्कूटरला लावायला पारदर्शक प्लॅस्टिकची नळी मीटरवर मिळते. पेट्रोल लागून ती पिवळी पडते, मग कडक होते, मग टोकाशी चिरते. कार्बोरेटरच्या पाव बारसाठी बनवलेला रबरी पाइप इंजेक्शनच्या तीन बारवर लावला तर तो फुटण्याची वाटच बघायची. चांगल्या पाइपावर त्याचा दर्जा छापलेला असतो: कार्बोरेटरच्या गाडीला चालणाऱ्यावर ‘एसएई जे३० आर७’, इंजेक्शनच्या गाडीच्या पाइपावर ‘आर९’. ही अक्षरं वाचून पाइप मागणारा गिऱ्हाईक दुकानदाराला वर्षातून कितीदा भेटत असेल?

आता ई-२०. इथे दोन्ही बाजूंनी सोयीचं बोललं जातं.

देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट जून २०२२मध्ये गाठलं गेलं. २० टक्क्यांची मुदत आधी २०३०ची होती, ती २०२५-२६वर आणली गेली. फेब्रुवारी २०२३मध्ये ई-२०ची विक्री सुरू झाली आणि २०२५मध्ये २० टक्क्यांचा टप्पाही आला. उसाच्या महाराष्ट्राला यातून पैसा मिळतो हे खरं. ज्याचा ऊस कारखान्यात इथेनॉल होतो त्याच शेतकऱ्याच्या जुन्या मोटारसायकलमध्ये तेच इथेनॉल परत येतं, हेही तितकंच खरं. इथेनॉल हवेतली ओल धरतं. जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकटा ते सोडवतं आणि फिल्टरकडे पाठवतं. जुन्या पद्धतीचं काही रबर त्यात फुगतं, मग कोरडं पडल्यावर चिरतं. यात वादाचं काही नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानंही मान्य केलं, की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. ते स्वस्त असतात आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये बदलता येतात. पण कोणते भाग? कोणत्या मॉडेलचे? बदलून कोणत्या दर्जाचे घालायचे? पंचवीस वर्षांची गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात नाही, ती कोपऱ्यावरच्या गॅरेजात जाते, आणि तिथे मंत्रालयाचं निवेदन पोचत नाही. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात जुन्या गाड्यांसाठी ई-१० पेट्रोल संरक्षक इंधन म्हणून उपलब्ध ठेवावं असं सुचवलं होतं. ई-२०विरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, त्यामुळे कायद्याच्या अंगानं विषय मिटला. रबराचा विषय त्यानं मिटत नाही.

दुसरीकडे गॅरेजांना ई-२० हे आयतं निमित्त सापडलं आहे. पंचवीस वर्षांचा रबरी पाइप शुद्ध पेट्रोलवरही चिरला असता. ओव्हरफ्लोचं कारण दबलेला परतीचा पाइप असेल तर त्यात इथेनॉलचा काही हात नाही. ई-२० सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यातच ओव्हरफ्लो सुरू झाला, तर रबरापेक्षा सुटलेल्या चिकट्याचा संशय आधी घ्यावा आणि फिल्टर कापून बघावा. एवढं केलं तरी निम्मं कोडं सुटतं. ‘सरकारनं पेट्रोल बिघडवलं’ म्हणणारा आणि ‘पेट्रोलमुळे काहीच होत नाही’ म्हणणारा, दोघेही बॉनेट न उघडताच निकाल देतात.

गळतीचा खरा शोध कसा असतो, हे बघायचं तर नव्या गाड्यांच्या परतबोलावणीकडे बघावं. फेब्रुवारी २०१०मध्ये मारुती सुझुकीनं सुमारे एक लाख ए-स्टार गाड्या इंधन पंपाचं गॅस्केट बदलण्यासाठी परत बोलावल्या. एप्रिल २०१४मध्ये अर्टिगा, स्विफ्ट आणि डिझायर मिळून १,०३,३११ गाड्या बोलावल्या, त्या टाकीच्या गळ्याचा भाग बदलायला. दोन्ही वेळा कंपनीनं भाग ओळखला आणि कुठल्या तारखांच्या दरम्यान बनलेल्या गाड्यांत तो बसला हे शोधून काढलं. मारुती ८००च्या मालकाला अशी चैन नाही. सक्तीच्या परतबोलावणीचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू झाले, पण ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना. त्यापुढची गाडी, तिचा मालक आणि मिस्त्री, तिघांनी आपापलं बघायचं.

पीयूसीवर भरवसा ठेवण्यातही अर्थ नाही. सायलेन्सरमध्ये नळी घालून आयडलवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजणारी ती चाचणी. जे पेट्रोल जळण्याआधीच इंजिनच्या बुडाखाली टपकतं, ते सायलेन्सरपर्यंत जातच नाही. गाडी ओव्हरफ्लो होत असेल तर फार तर आकडा वाढलेला दिसेल. टाकीच्या गळ्याशी गळत असेल तर गाडी सहज पास. पीयूसी केंद्रावर बॉनेट उघडून इंधनाच्या पाइपांवरून एक नजर फिरवायला दोन मिनिटं लागतील. प्रमाणपत्रावर तशी एक ओळ घालायला हरकत नसावी. आणि ई-२०च्या चाचण्यांत भाग घेतलेली एआरएआय ही संस्था पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवर आहे. जास्त खपलेल्या जुन्या वीसेक मॉडेलांचे कोणते पाइप, कोणत्या ओरिंग, कोणते डायफ्राम बदलायचे, याची मराठी यादी तिनं काढली आणि तेल कंपन्यांनी ती पंपावर लावली, तर मंत्रालयाच्या त्या एका वाक्याला काही अर्थ येईल.

उरला पैशाचा प्रश्न, आणि तो गिऱ्हाइकाच्या खिशाशी येऊन थांबतो. १ एप्रिल २०२०ला धुराचे बीएस-६ नियम आल्यापासून बहुतेक नव्या मोटारसायकली आणि स्कूटरही इंजेक्शनच्या झाल्या. आज गॅरेजात शिकायला येणाऱ्या पोराच्या हाती कार्बोरेटर येतो तो अधूनमधूनच. फ्लोट कानाशी हलवून बघणारी पिढी साठीला आली आहे. तिच्याकडे जे ज्ञान आहे ते पाइप विकून मिळणाऱ्या नफ्यावर पोसलं जातंय, ही या धंद्यातली विचित्र व्यवस्था. डॉक्टर गोळी न देता नुसतं तपासून फी घेतो तेव्हा कुणी हुज्जत घालत नाही. मिस्त्रीनं तासभर बघून ‘पाइप ठीक आहे, परतीची लाइन दबलीये’ एवढंच सांगितलं, तर ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ हा सवाल ठरलेला. मग मिस्त्री शहाणा होतो आणि बघण्याऐवजी बदलतो. त्यात त्याला पैसे मिळतात आणि मालकाला काहीतरी नवं बसवल्याचं समाधान.

ही सवय मोडायला मालकानं सुरुवात करावी. गाडी सोडतानाच सांगावं की तपासणीचे पैसे वेगळे देतो, भाग बदलला नाही तरी देतो. बदल्यात बिलाच्या पाठीवर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: गळती कधी होत होती, कुठून होत होती, कारण काय निघालं आणि काय केलं. काढलेला भाग पिशवीत घालून परत मागावा. पुढच्या वेळी वास आला आणि दुसऱ्या गॅरेजची पायरी चढावी लागली, तर तिथला मिस्त्री त्या बिलावरून सुरुवात करू शकेल. निदान चौथं किट तरी आणायला सांगणार नाही.